स्त्रीनें डोंगरी सायकल कशी निवडावी

सायकल ही वस्तु शहरांतील मध्यमवर्गीय घरांना नवीन नाहीं. वडिलांची काळी, भक्कम सायकल आणि हायस्कुलांत जाणाऱ्या मुलीसाठीं घेतलेली, मधली दांडी खालीं वळविलेली 'लेडीज' सायकल, हीं चित्रें पुण्यासारख्या गांवांतील कित्येक कुटुंबांच्या परिचयाचीं आहेत. या परिवारांत आतां एका निराळ्या सायकलीची भर पडली आहे. तिचे टायर जाड व दांतेरी असतात, हँडल सरळ आणि रुंद असतें, आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांस धक्के सोसणाऱ्या नळ्या बसविलेल्या असतात. इंग्रजींत तिला माउंटन बाइक म्हणतात. मराठींत डोंगरी सायकल म्हणावयास हरकत नाहीं. प्रथम ती तरुण मुलांनीं घेतली; पण रविवारीं पहांटे शहराबाहेरच्या घाटाकडे निघणाऱ्या मंडळींत हल्लीं शिक्षिका, डॉक्टरीणबाई, बँकेंत काम करणाऱ्या स्त्रिया आणि साठीकडे झुकलेल्या गृहिणीहि दिसतात. ही गोष्ट आनंदाची आहे.

परंतु या उत्साहाची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. मोठ्या हौसेनें आणलेली अशी सायकल पुष्कळदां तीन-चार महिन्यांनीं गॅलरींत जुन्या चादरीखालीं उभी असते. मालकिणीला कारण विचारलें, तर बहुधा एकच उत्तर येतें: "मला कांहीं तें जमलें नाहीं." मान दुखूं लागली, बोटांना मुंग्या आल्या, गुडघे कुरकुरले, उतारावर धीर सुटला; आणि हा सर्व आपल्या शरीराचा, वयाचा किंवा धैर्याचा दोष, असें तिनें मनाशीं ठरवून टाकलें. वास्तविक अनेक वेळां दोष तिचा नसतो. तो सायकलीच्या मापाचा, म्हणजेच ती सायकल निवडण्याच्या रीतीचा असतो. चपला दोन बोटें मोठ्या निघाल्या तर कोणी आपल्या पावलांना बोल लावीत नाहीं. चपला बदलून आणतो. सायकलीच्या बाबतींत मात्र हें साधें व्यवहारज्ञान कोठें जातें कोण जाणे! यांत पैसे वायां जातात हें नुकसान लहान आहे. 'हें आपल्याला झेपण्यासारखें नाहीं' ही खोटी समजूत त्या स्त्रीच्या मनांत घर करून बसते, हें नुकसान मोठें आहे. तें टाळावयाचें, तर खरेदीपूर्वीं थोडा विचार आणि थोडी मोजमाप पुरेशी होते.

ही सायकल मूळची कोठली, हें समजलें म्हणजे तिच्या मापाचा प्रश्न कां उद्भवतो तेंहि ध्यानांत येतें. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मॅरिन नांवाचा जिल्हा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरांत नेऊन मातीच्या उतारावरून भरधांव खालीं येऊं लागले. १९७६ पासून तेथें 'रीपॅक' या नांवाची शर्यत होऊं लागली. उतरतांना मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे, कीं त्यांतील ग्रीज जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्यावरूनच हें नांव पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ या कारागिरानें मुद्दाम या कामासाठीं फ्रेम बांधावयास घेतली, आणि १९८१ मध्यें स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' ही सायकल बाजारांत आल्यावर हा प्रकार कारखान्यांतून सर्वत्र पसरला. या पहिल्या टोळींत वेंडी क्रॅग नांवाची एक स्त्री होती. ती शर्यतींत उतरलीहि आणि त्या दिवसांचीं छायाचित्रेंहि तिनें घेतलीं. पुढें १९९० सालीं कोलोरॅडोंतील दुरँगो येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत जूली फर्टाडो विजयी झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें ही शर्यत प्रथमच घेण्यांत आली तेव्हां स्त्रियांत इटलीच्या पाओला पेझोनें सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां हा खेळ स्त्रियांना झेपतो कीं नाहीं, हा वाद केव्हांच निकालांत निघालेला आहे. पण यंत्र प्रथम घडलें तें मुख्यतः उंच पुरुषांच्या हातून व त्यांच्या मापानें. त्यामुळें पांच फूट उंचीच्या स्त्रीपुढें दुकानदार जी पहिली सायकल उभी करतो, ती तिच्यासाठीं बनविलेली असेलच असें नाहीं.

यावर उपाय म्हणून 'स्त्रियांची खास सायकल' निघाली. अमेरिकेंतील जॉर्जीना टेरी ही स्वतः यंत्रशास्त्राची अभियंता. तिनें १९८५ सालीं केवळ स्त्रियांसाठीं सायकली करणारी कंपनी काढली. लहान चणीच्या बाईला हँडल जवळ यावें म्हणून तिनें आपल्या रस्त्यावरच्या सायकलींना पुढचें चाक मागच्याहून लहान, २४ इंचांचें बसविलें. २००८ सालीं तैवानच्या जायंट कंपनीनें 'लिव्ह' ही स्त्रियांसाठींची निराळी शाखा सुरू केली. तिच्यामागें बॉनी तू या उद्योजक स्त्रीचा पुढाकार होता. उलट, २०१९ च्या सुमारास स्पेशलाइज्डनें हजारों स्वारांचीं शरीरमापें तपासून असा निष्कर्ष काढला, कीं स्त्री आणि पुरुष यांच्यांतील फरकापेक्षां एका स्त्रींत व दुसऱ्या स्त्रींतच फरक अधिक असतो. म्हणून फ्रेम निराळी करण्याचें कारण नाहीं, मापें पुष्कळ ठेवावीं आणि सीट, हँडल यांसारखे शरीराला भिडणारे भाग तेवढे बदलावे.

दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य आहे, आणि घेणारीनें त्यांतून एवढाच बोध घ्यावा, कीं पाटी पाहून सायकल घेऊं नये. कांहीं 'लेडीज' डोंगरी सायकलींत खरोखरच लहान मापाची फ्रेम, हाताला जवळ येणारे ब्रेक आणि योग्य रुंदीची सीट असते. इतर कित्येकींत फक्त जांभळा रंग आणि दोन फुलें असतात. रंगाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण रंगानें गुडघा दुखावयाचा थांबत नाहीं.

पहिला प्रश्न वाटेचा. सायकल कोठें चालवावयाची? रोज कचेरीला जावयाचें आणि महिन्यांतून एखादे वेळीं गांवाबाहेर पडावयाचें असेल, तर डोंगरी सायकल घेण्याची गरजच नाहीं. जाड दांतेरी टायर डांबरी रस्त्यावर घासत जातात व तेवढी शक्ति फुकट दवडतात. अशा स्त्रीला मध्यम जाडीच्या टायरांची, 'हायब्रिड' म्हणून मिळणारी सायकल अधिक सुख देईल. शेतांतील गाडीवाटा, धरणाकांठचे मुरमाड रस्ते आणि टेकडीवरच्या सोप्या वाटा हा बेत असेल, तर फक्त पुढें धक्के सोसणारी, मागें साधी अशी डोंगरी सायकल योग्य. तिला 'हार्डटेल' म्हणतात, आणि सह्याद्रीच्या आसपास फिरणाऱ्या बहुतेक स्त्रियांचें काम तिनें भागतें. मागेंहि स्प्रिंग असलेली सायकल ही दगडधोंड्यांच्या अवघड उतारासाठीं आहे. तिची चांगली प्रत महाग असते, आणि स्वस्त प्रत तर विकत घेतलेलें ओझेंच होय. कारण चढावर पायांनीं दिलेला जोर ती स्प्रिंग दाबण्यांतच खर्ची पडतो.

दुसरा प्रश्न शरीराच्या मापाचा. हें माप घरींच घ्यावें. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभें राहावें. एक जाडसें पुस्तक दोन्ही मांड्यांमध्यें उभें धरून सीटवर बसल्यावर जसा दाब येतो तितकें वर ओढावें, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावें. हें झालें पायांचें आंतील माप. सारख्याच उंचीच्या दोन बहिणींत हें माप चार-पांच सेंटिमीटरनीं कमीअधिक निघूं शकतें. म्हणून 'अमक्या उंचीला अमकी सायकल' हा दुकानांतील तक्ता केवळ सुरुवातीपुरता धरावा.

या मापाचा उपयोग दोन ठिकाणीं होतो. पहिला, सायकलीवर दोन्ही पाय टेकून उभें राहिलें असतां मधली दांडी आणि शरीर यांत निदान दोन इंच, म्हणजे पांच सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. खडकाळ वाटेवर पाय एकाएकीं खालीं टेकावा लागतो, आणि जमीन नेहमीं सपाट नसते. ही जागा नसेल, तर इजा ठरलेली आहे. दुसरा उपयोग सीटच्या उंचीसाठीं. पायांच्या मापाला ०.८८३ नें गुणलें, म्हणजे क्रँकच्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें अंतर साधारण मिळतें. माप ७० सेंटिमीटर असेल, तर हें अंतर सुमारें ६२ सेंटिमीटर येईल. या उंचीवर पायडल अगदीं खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहतो. येथें एक गोष्ट नवशिक्या स्त्रीला आधींच सांगावी: सीट योग्य उंचीवर असतां बसल्याबसल्या दोन्ही तळपाय जमिनीला लागत नाहींत, आणि लागूंहि नयेत. थांबतांना सीटवरून पुढें उतरून उभें राहावयाचें असतें. हें न शिकवितां भीतीपोटीं सीट खालीं केली, कीं गुडघ्यांवर भार पडतो आणि दुखणें सुरू होतें. उतारावर मात्र सीट खालीं असलेलीच बरी. त्यासाठीं बोटानें कळ दाबली कीं खालीं-वर होणारी 'ड्रॉपर' नांवाची सीटची दांडी मिळते. लहान चणीच्या स्त्रीला चढण्या-उतरण्यासहि तिचा मोठा उपयोग होतो. खर्च परवडत असेल, तर दिखाऊ गोष्टी सोडून हिच्यावर करावा.

फ्रेमचें माप इंचांत किंवा अक्षरांत सांगतात. पांच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्त्रीला बहुधा १३ ते १४ इंचांची, 'एक्स्ट्रा स्मॉल' म्हणतात ती फ्रेम लागते, आणि हीच फ्रेम दुकानांत सहसा नसते. मग 'स्मॉल घ्या, सीट खालीं करून देतों' असें सांगण्यांत येतें. सीट खालीं करतां येते, पण हँडल जवळ आणतां येत नाहीं. लांबी ही फ्रेमबरोबरच जन्माला आलेली असते. हँडल दूर असलें, कीं खांदे ताठतात, मानेवर ताण येतो, सारा भार तळहातांवर पडतो आणि बोटें बधिर होतात. कोपर किंचित् वांकलेलें ठेवून, श्वास मोकळा राहून हँडल हातांत यावें, ही खरी कसोटी. एक-दोन सेंटिमीटरचा फरक असेल, तर हँडलाला फ्रेमशीं जोडणारा 'स्टेम' नांवाचा तुकडा आंखूड बसवून तो काढतां येतो. त्याहून अधिक फरकाला फ्रेम बदलणें हाच उपाय. हँडल जवळ यावें म्हणून सीट पुढें सरकविणें ही मात्र चुकीची युक्ति आहे. तिनें हात सुखावतात आणि गुडघे बिघडतात. शिवाय एका कंपनीची 'स्मॉल' दुसरीच्या 'मीडियम'एवढी असूं शकते. म्हणून अक्षरावर न विसंबतां प्रत्यक्ष बसून पाहावें.

चाकांचीं मापें मुख्यतः तीन: २६, २७.५ आणि २९ इंच. मोठें चाक खड्ड्यादगडांवरून सहज निघून जातें. लहान चाक लौकर गति घेतें व वळणावर हलकें वाटतें. लहान फ्रेममध्यें २९ इंचांचें चाक कोंबलें, तर हँडल उंच जातें आणि वळतांना पायाचा अंगठा चाकाला लागण्याचा संभव असतो. म्हणून बेताच्या उंचीच्या स्त्रीनें २७.५ इंचांचें चाक आधीं पाहावें. तसेंच क्रँकची लांबी. १७० आणि १७५ मिलिमीटर या लांब पायांच्या लांब्या. आंखूड पायांना १६५ किंवा त्याहूनहि कमी बरी, म्हणजे पायडल वर आलें असतां गुडघा पोटाकडे फार दुमडत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ब्रेक. उतारावर वाटणाऱ्या भीतीचें मूळ पुष्कळदां मनांत नसून बोटांत असतें. ब्रेकची कळ मोठ्या पंजासाठीं लावलेली असली, तर लहान हाताची बोटें तिच्यापर्यंत जेमतेम पोहोंचतात. ब्रेक लावण्यासाठीं मूठ सैल करावी लागते, मग हँडल डगमगतें, आणि बाई म्हणते, मला भीति वाटते. ती भीति शहाणपणाची आहे! वास्तविक बहुतेक चांगल्या ब्रेकांच्या कळीला एक बारीक स्क्रू असतो. अॅलन चावीनें तो फिरविला, कीं कळ हँडलाजवळ येते. हें काम दोन मिनिटांचें आहे. मूठ न सोडतां एका किंवा दोन बोटांनीं कळ ओढतां आली पाहिजे, आणि तेवढ्या जोरानें सायकल थांबली पाहिजे. पावसाळ्यांतील चिखल आणि घाटांतील लांब उतार लक्षांत घेतां डिस्क ब्रेक घ्यावे. त्यांतहि तारेऐवजीं तेलाच्या दाबावर चालणारे असले, तर बोटांना श्रम फार कमी पडतात. उजव्या हातचा ब्रेक पुढच्या चाकाचा कीं मागच्या, ही रीत सर्व देशांत सारखी नाहीं. तेंहि प्रथमच विचारून घ्यावें.

पुढच्या फोर्कविषयीं लोकांची अशी समजूत आहे, कीं तो असला म्हणजे झालें. पण स्वस्त फोर्कांतील लोखंडी स्प्रिंग जड माणसाच्या हिशेबानें घातलेली असते. पन्नास किलो वजनाच्या बाईखालीं ती दबतच नाहीं. वजन तेवढें वाढतें आणि हादरे होते तसेच राहतात. याची परीक्षा सोपी आहे. फोर्कच्या वरच्या, चकचकीत नळीला तळाशीं एक दोरा सैलसर बांधावा, सायकलीवर हळूच बसावें, हळूच उतरावें, आणि दोरा किती सरकला तें पाहावें. १०० मिलिमीटर दबण्याची क्षमता असलेल्या फोर्कांत तो सुमारें २० मिलिमीटर सरकावयास हवा. चारपांचच सरकला, तर ती स्प्रिंग त्या स्त्रीसाठीं नाहीं. हवेवर चालणारा फोर्क वजनाप्रमाणें कमीजास्त भरतां येतो; हलक्या स्वाराला तोच सोयीचा. तो परवडत नसेल, तर धक्के न सोसणारा साधा, हलका फोर्क आणि जाड टायर ही जोडी स्वस्त स्प्रिंगेपेक्षां केव्हांहि बरी.

टायरांतील हवेचेंहि तसेंच. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आंकडा ही शेवटची मर्यादा असते. पण दुकानांत बहुधा तितकीच हवा ठासून भरतात. मग हलकी स्वारी असलेली सायकल दगडादगडावर उडते. सवादोन इंच रुंदीचा, ट्यूब असलेला टायर पन्नास-पंचावन्न किलोंच्या स्त्रीला पंचवीस ते तीस पौंड दाबावर साधारण ठीक बसतो. त्याहून फार कमी ठेवला, तर काळ्या पाषाणाच्या धारेवर ट्यूब चिमटून पंक्चर होण्याची भीति.

सायकलीच्या वजनाचा विचार पुरुषाच्या आणि स्त्रीच्या बाबतींत सारखा करून चालत नाहीं. सोळा किलोंची सायकल ऐंशी किलोंच्या पुरुषाला त्याच्या वजनाचा पांचवा हिस्सा होते. पन्नास किलोंच्या स्त्रीला ती जवळजवळ तिसरा हिस्सा होते. चढावर तर हा भार जाणवतोच; पण वाड्याच्या किंवा चाळीच्या जिन्यावरून ती रोज वर न्यावयाची असेल, तर आणखीच जाणवतो. म्हणून दुकानांतच सायकल उचलून चार पायऱ्या चढून पाहावें. बारा ते चौदा किलोंची हार्डटेल मिळूं शकते. त्याचबरोबर गिअर मोजावे, पण 'एकवीस कीं चोवीस' असे नव्हे. सर्वांत हलका गिअर किती हलका, हें पाहावें. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दांते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दांत्यांपेक्षां पुष्कळ कमी असावे. पुढें २२ व मागें ३४, किंवा पुढें एकच चक्र ३२ दांत्यांचें व मागें ५१, हीं प्रमाणें घाटाच्या चढाला उपयोगीं पडतात. पायडलाच्या एका फेऱ्यांत चाक दोन-तृतीयांशांहूनहि कमी फिरतें. गति मंदावते, पण खालीं उतरून ढकलण्याची पाळी येत नाहीं.

राहिली सीट. हिच्याविषयीं संकोचानें बोललें जात नाहीं, आणि त्या संकोचापायींच कित्येक जणी सायकल सोडून देतात. बसल्यावर शरीराचा भार दोन बैठकीच्या हाडांवर पडावयास हवा. स्त्रियांत या हाडांतील अंतर सर्वसाधारणपणें थोडें अधिक असतें. पण तेंहि व्यक्तिपरत्वें बदलतें. कठीण स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर दोन मिनिटें बसावें; दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यांत सुमारें दोन सेंटिमीटर मिळविले, कीं सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. फार मऊ, गुबगुबीत सीट दुकानांत सुखाची वाटते. पण तासाभरानें हाडें तींत रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बेताची घट्ट, मध्यें खोलगट किंवा पोकळी असलेली, आणि पातळींत बसविलेली सीट लांब प्रवासाला बरी. नव्या स्वारीनंतर दोन-चार दिवस अंग दुखणें स्वाभाविक आहे. बधिरता किंवा मुंग्या मात्र सोसण्याच्या गोष्टी नव्हेत. ती शरीराची तक्रार आहे, आणि तिचा निकाल सीट किंवा तिची बैठक बदलून लावावयाचा असतो.

आतां दुकानांतील एक नेहमींचा प्रसंग. बाई, तिचे यजमान आणि दुकानदार असे तिघे उभे आहेत. सायकल बाईसाठीं आहे. पण दुकानदार बोलतो यजमानांशीं. "साहेब, ही जरा मोठी घ्या. वहिनी चालवतील, आणि रविवारीं तुम्हालाहि होईल." हा सल्ला काटकसरीचा वाटतो, आणि तोच घात करतो. दोघांना चालणारी सायकल पुष्कळदां एकालाच चालते, आणि तो एक कोण हें सांगावयास नको. मुलींच्या बाबतींत हाच न्याय 'वाढत्या अंगाची घ्या' या शब्दांत येतो. वाढत्या अंगाचा परकर पायघोळ झाला, तर दुमडून शिवतां येतो. वाढत्या अंगाची सायकल दुमडतां येत नाहीं, आणि उतारावर ती त्या मुलीच्या ताब्यांत राहत नाहीं. घरच्यांनीं पैसे द्यावे, सोबत यावें, किंमतीची घासाघीसहि करावी. पण सायकलीवर बसून होय किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकार जी चालविणार तिचाच असावा.

तो अधिकार बजावण्यासाठीं तिनें दुकानाच्या दारांतील एका चकरेवर समाधान मानूं नये. निदान अर्धा तास सायकल चालवून पाहावी. रोजच्या वापरांतले कपडे आणि बूट घालून. एखादा चढ चढावा, उतारावर मध्येंच थांबावें, तेथून पुन्हां निघावें, एका हातानें हँडल धरून मागें वळून पाहावें. या अर्ध्या तासांत हात, मान किंवा गुडघा बोलूं लागला, तर चार तासांत ते ओरडूं लागतील हें निश्चित समजावें. ठरविलेल्या रकमेंतील कांहीं हिस्सा हेल्मेट, हातमोजे, पंप आणि पंक्चरचें सामान यांसाठीं आधींच बाजूला काढावा. आणि ट्यूब बदलणें, उतरलेली चेन चढविणें, सीटची उंची लावणें हीं तीन कामें तिनें स्वतः शिकून घ्यावीं. ज्या स्वारिणीला वाटेंत कोणाची वाट पाहावी लागत नाहीं, तीच खऱ्या अर्थानें दूर जाऊं शकते.

सारांश, डोंगरी सायकल निवडतांना प्रथम वाट पाहावी, मग शरीर मोजावें, मग ब्रेक व हँडल हाताशीं लावून पाहावें, आणि रंग व किंमत यांचा विचार सर्वांत शेवटीं करावा. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो. आणि गॅलरींत चादरीखालीं उभ्या असलेल्या सायकलीविषयींहि एक शब्द. तिच्या मालकिणीनें आपल्याला जमलें नाहीं असें ठरविण्यापूर्वीं एकदां सीटची उंची मोजावी, ब्रेकची कळ जवळ आणून पाहावी, टायरांतील हवा थोडी कमी करावी. तेवढ्यानें कित्येक सायकली पुन्हां रस्त्याला लागतील. ज्या लागणार नाहींत, त्या मापानें मोठ्या आहेत असें समजून योग्य उंचीच्या माणसाला खुशाल देऊन टाकाव्या, आणि त्या पैशांत स्वतःच्या मापाची दुसरी आणावी.